संमती कोणाची? मतिमंद व्यक्तींचे हक्क आणि त्यांच्या मनाची शुश्रूषा



फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींना आणि स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले व त्यांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. त्यांपैकी कोणासही गर्भाशयाचा आजार होता, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. कारण वेगळेच सांगितले गेले. या मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, ती राखणे कर्मचाऱ्यांनाही जड जाते, आणि शिवाय कोणी त्यांच्यावर अत्याचार केला तर गर्भ राहण्याचे भय उरत नाही. वृत्त प्रसिद्ध होताच स्त्रीसंघटनांनी तीव्र आक्षेप घेतला, तेव्हा शासनाने पुढील शस्त्रक्रिया थांबविल्या. ज्यांच्यावर त्या होऊन गेल्या होत्या त्यांचे काही परत मिळण्यासारखे नव्हते.

या घटनेतील विशेष असा की, तिच्यामागे उघड दुष्टपणा शोधू गेल्यास तो सहजी सापडत नाही. शस्त्रक्रियेचे समर्थन करणाऱ्यांत सुशिक्षित, अनुभवी आणि आपण या मुलींचे भलेच करीत आहोत अशी मनोमन खात्री असलेली माणसे होती. अनेक पालकांनीही त्यांची बाजू घेतली. मतिमंद मुलीची आई वर्षानुवर्षे जे सोसते ते ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला त्या पालकांना दोष देण्याचा धीर होणार नाही. तथापि या युक्तिवादाचा दुसरा भाग नीट पाहावा. अत्याचाराची भीती खरी असेल तर गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो. आणि पहिल्या भागासंबंधी त्या वेळीच विचारला गेलेला प्रश्न असा होता की, वसतिगृहात पुरेसे पाणी, घड्यांसाठी पुरेसे कापड आणि पुरेशा सेविका होत्या काय? व्यवस्थेतील उणिवेवर उपाय म्हणून माणसाच्या देहावर शस्त्र चालविले गेले, असा या प्रश्नाचा रोख होता, आणि तो आजही खोडून काढता येत नाही.

याच्या अवघे तीन वर्षे आधी, १९९१ साली, ‘चौकट राजा’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला होता. दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेल्या नंदूने घरोघरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले. म्हणजे मराठी समाजाला या व्यक्तींविषयी कणव नव्हती असे मुळीच नाही. मुंबईत जय वकील यांनी १९४४ साली अशा मुलांसाठी शाळा काढली, पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ सुरू झाली, आणि त्यानंतर गावोगावी कितीतरी शाळा निष्ठेने चालविल्या गेल्या. कणव होती. परंतु ज्याची कणव येते त्यालाही विचारावे लागते, ही जाणीव नव्हती.

मराठी बोलीत ‘वेडा’, ‘खुळा’, ‘भोळसट’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. कायद्याची भाषाही प्रदीर्घ काळ याहून सावध नव्हती. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने जन्मतः मंद बुद्धीची व्यक्ती आणि पुढे भ्रमिष्ट झालेली व्यक्ती या दोघांनाही एकाच व्याख्येत बसविले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व हे मनोविकाराच्या व्याख्येतून वगळले आणि २०१७ च्या कायद्यानेही तीच भूमिका घेतली. भेद योग्यच आहे. मनोविकार हा आजार आहे. तो कोणत्याही वयात जडतो आणि पुष्कळदा बरा होतो. मतिमंदत्व ही बुद्धीच्या वाढीची मर्यादा आहे. ती बालवयातच प्रकट होते आणि तिची परीक्षा केवळ बुद्ध्यंकावरून होत नाही. जेवणे, कपडे घालणे, पैसे मोजणे, रस्ता ओलांडणे या रोजच्या व्यवहारांत व्यक्ती कितपत स्वावलंबी आहे तेही पाहिले जाते. ‘मतिमंद’ हा शब्दही आता मागे पडत असून ‘बौद्धिक दिव्यांग’ हा शब्द रूढ होत आहे. शब्द बदलल्याने वागणूक बदलतेच असे नाही; पण जुना शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला की तो बदलावाच लागतो.

हा भेद किती मोलाचा ठरू शकतो ते २००९ साली चंडीगढच्या एका प्रकरणात दिसून आले. शासकीय आश्रयगृहात राहणाऱ्या एका अनाथ, सौम्य मतिमंद तरुणीवर त्या आश्रयगृहातच बलात्कार झाला आणि ती गर्भवती राहिली. प्रशासनाने गर्भपातासाठी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाकडे अनुमती मागितली आणि न्यायालयाने ती दिली. परंतु तपासणीसाठी नेमलेल्या तज्ज्ञांनी तिला विचारले होते, आणि तिने आपल्याला मूल हवे आहे असे सांगितले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्यायमूर्ती पी. सदाशिवम आणि न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या पीठाने जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशास स्थगिती दिली व ऑगस्टमध्ये सविस्तर कारणे दिली. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाल्यानंतर मनोरुग्ण स्त्रीच्या वतीने तिच्या पालकाला संमती देता येते. सज्ञान मतिमंद स्त्रीच्या वतीने मात्र नाही. तिची संमती तिनेच द्यावयाची. ती मूल कसे सांभाळणार, ही शंका न्यायालयापुढे होतीच. ती शंका खोटी आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. त्या शंकेचे उत्तर तिला साहाय्य पुरविणे हे आहे, असा निर्णयाचा आशय होता, आणि तिच्या देखभालीकडे लक्ष देण्यास राष्ट्रीय न्यासाच्या अध्यक्षांना सांगण्यात आले.

या निर्णयामागे एक आंतरराष्ट्रीय वाटचाल आहे. २० डिसेंबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मतिमंद व्यक्तींच्या हक्कांची घोषणा केली. पण तिने हक्क दिले ते ‘शक्य तितक्या मर्यादेपर्यंत’ अशा भाषेत. २००६ च्या करारात ही पळवाट ठेवलेली नाही. त्याच्या बाराव्या कलमानुसार प्रत्येक अपंग व्यक्ती कायद्यापुढे इतरांइतकीच सक्षम मानावयाची आणि ती क्षमता वापरण्यासाठी तिला लागेल ते साहाय्य द्यावयाचे. तेविसाव्या कलमात जननक्षमता टिकविण्याचा हक्क आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी या कराराला अनुसमर्थन दिले. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय क्रिया संबंधित व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीवाचून करता येणार नाही, असे त्याचे दहावे कलम सांगते. शिरूरच्या मुलींना हे कलम तेवीस वर्षे उशिरा मिळाले.

आता मनाच्या शुश्रूषेकडे वळावे. हा विषय आपल्याकडे जवळजवळ उपेक्षितच राहिला आहे. मतिमंद व्यक्तीला खिन्नता, भय, शोक हे विकार इतरांप्रमाणेच होतात. किंबहुना अधिक प्रमाणात होतात. परंतु ते ओळखले जात नाहीत. १९८२ साली स्टीव्हन राइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी याचे एक कारण दाखवून दिले. एकच लक्षण दोन रुग्णांच्या बाबतीत सांगितले आणि त्यांतील एक मतिमंद आहे असे कळविले, की तज्ज्ञसुद्धा त्याच्या मनोविकाराकडे दुर्लक्ष करतात. मतिमंदत्वाची सावली निदानावर पडते. ‘तो असाच आहे’ या तीन शब्दांत सारी चिकित्सा आटोपते.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एकाचे नाही. अशा व्यक्तींमध्ये काम करणाऱ्यांना ते पुनःपुन्हा भेटते. तीस-पस्तीस वर्षांचा मुलगा आहे. त्याची आई वारते. त्याला त्रास नको म्हणून अंत्यदर्शनाच्या वेळी शेजारच्या घरी बसविले जाते. दहाव्याला, तेराव्याला घाटावर नेले जात नाही. ‘आई गावाला गेली आहे’ असे त्याला सांगितले जाते. तो रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसतो. महिन्याभराने तो जेवण टाकू लागतो, भिंतीवर डोके आपटू लागतो, भावजयीवर हात उगारतो. घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात आणि झोपेच्या गोळ्या आणतात. तो शोक करीत आहे, हे कोणाच्याही ध्यानात येत नाही, कारण त्याला मरण समजत नाही असे सर्वांनी आधीच ठरवून टाकलेले असते. वास्तविक कावळा शिवण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या बाकीच्या मंडळींना तरी मरण कितीसे समजलेले असते? विधी असतात ते न समजणाऱ्यांसाठीच. त्याला आईचा चेहरा पाहू द्यावा, ‘मेली’ हाच शब्द वापरावा, तिचे लुगडे, तिचा फोटो त्याच्या हाती द्यावा, आणि तो दहा वेळा विचारील तेव्हा दहा वेळा तेच उत्तर द्यावे. शोकाची शुश्रूषा म्हणून तज्ज्ञही प्रारंभी याहून फारसे वेगळे काही सुचवीत नाहीत.

ज्याला शब्द कमी, तो देहाने बोलतो. स्वतःच्या गालावर मारून घेणाऱ्या मुलाची दाढ दुखत असू शकते. एखाद्या ठराविक माणसाला पाहताच मुलगी कपडे ओले करीत असेल, तर त्या माणसाची चौकशी झाली पाहिजे. गुंगी आणणारे औषध देण्यापूर्वी दात, कान, पोट आणि आसपासची माणसे तपासावीत, हा क्रम चुकता कामा नये. २०१० साली ठाणे जिल्ह्यातील मतिमंद मुलांच्या एका बालगृहातील कुपोषण आणि अत्याचार यांच्या बातम्या आल्या व मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तोवर त्या मुलांच्या वर्तनाने काही सांगितले नसेल, असे मानणे कठीण आहे. ऐकणारे कोणी नव्हते.

शिरूरच्या वेळी जे अशक्य म्हणून सांगितले गेले ते पुष्कळ शाळांतून शिकविले जाते. पाळी येण्यापूर्वीच बाहुलीवर घडी बसवून दाखवावयाची. डाग म्हणजे काय ते लाल रंगाने दाखवावयाचे. दिनदर्शिकेवर खुणा करावयाच्या. घडी घेणे, बदलणे, गुंडाळणे, टाकणे, हात धुणे असे तुकडे पाडून एकेक तुकडा पक्का करावयाचा. सौम्य आणि मध्यम प्रतीच्या मुलींना याला कधी सहा महिने लागतात, कधी दोन वर्षे. तीव्र प्रतीच्या काहींना हे आयुष्यभर दुसऱ्याच्या हातूनच करून घ्यावे लागते, हेही लपवू नये.

शेवटी तो प्रश्न, जो प्रत्येक पालकसभेत निघतो: आमच्या पश्चात काय? बदलापूरच्या ‘आधार’सारख्या संस्था पालकांनी याच धास्तीतून उभ्या केल्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याचा समावेश असलेली स्थानिक समिती असते. पुण्याचा पालक तेथील समितीकडे जातो, तर नोकरीनिमित्त गाझियाबादला स्थायिक झालेले मराठी कुटुंब तेथील समितीकडे. बँकेतील खाते, निवृत्तिवेतन, वडिलोपार्जित घराचा हिस्सा यांसाठी हा कागद लागतो, म्हणून पालक तो मागतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु २०१६ च्या कायद्याचे चौदावे कलम मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडते: विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते, आणि व्यक्तीच्या इच्छेशी सल्लामसलत करून. दोन कायदे दोन दिशांना तोंड करून उभे आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम अद्याप पुरते झालेले नाही. तोवर समितीच्या खोलीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती एवढे तर नक्कीच आहे की, अर्जदार वडिलांशी बोलण्याआधी त्याने शेजारच्या खुर्चीवरील मुलाला त्याचे नाव विचारावे, तो कोणाबरोबर राहू इच्छितो ते विचारावे, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे.