रिप्ले संपायच्या आत बोला: कॉलेज बास्केटबॉलची टीव्ही अ‍ॅनालिस्ट नेमकं काय करते?

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय थोडा लांबचा आहे, थेट अमेरिकेतला. तिथे मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलच्या मॅचेस टीव्हीवर लाइव्ह दाखवतात आणि कोर्टच्या कडेला हेडसेट लावून एक बाई बोलत असते. ती तिथे काय करते, ते आज बघू. त्यातच एक भांडणाचा मुद्दा आहे, खरं तर त्याच्यासाठीच हा एपिसोड केलाय.

कॉमेंटरी टेबलवर साधारण दोघं असतात. एकाचं काम प्ले-बाय-प्ले, म्हणजे बॉल कोणाकडे, स्कोअर किती, सेकंद किती उरले हे सांगायचं. दुसरी अ‍ॅनालिस्ट. काय झालं ते तुम्हाला दिसतंच, तिने सांगायचं की ते का झालं. क्रिकेटमध्ये अंजुम चोप्रा किंवा इसा गुहा ऐकली असेल, तर अंदाज येईल. फरक फक्त वेळेचा. क्रिकेटमध्ये बॉलर रनअपच्या टोकापर्यंत चालत जातो, तेवढ्यात एक्स्पर्टचा एखादा किस्सासुद्धा सांगून होतो. इथे बास्केट झाली की समोरच्या टीमने बॉल आत टाकलाच! शॉट क्लॉक 30 सेकंदांचा. रिप्ले पाच-सात सेकंद चालतो, तेवढ्यात तुमचा मुद्दा मांडून गप्प व्हायचं. त्यात कानात प्रोड्यूसर बोलतोय, पुढचा रिप्ले कुठला ते सांगतोय. तुम्ही त्याचं ऐकत ऐकत बोलायचं. करून बघा एकदा घरी, आई मागून हाका मारत असताना फोनवर कुणाला तरी रस्ता समजावून सांगा. साधारण तसंच.

आणि हे फक्त बोलता येतं म्हणून जमत नाही. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम्स आहेत. सीझन नोव्हेंबरला सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. आज एका गावात, परवा दुसऱ्या. मॅचच्या दिवशी सकाळी टीम हलका सराव करते, तो जाऊन बघायचा, कोचशी बोलायचं, जुन्या मॅचेसचे व्हिडिओ आधीच पाहून ठेवायचे. डावीकडून ड्राइव्ह करायला कोणाला आवडत नाही, शेवटच्या मिनिटात कोच झोन डिफेन्स लावते का, असलं सगळं एका मोठ्या कागदावर लिहून समोर ठेवायचं. त्यातलं बरंचसं ऑन एअर वापरलंच जात नाही. तरी करायचं, कारण त्यातली कुठली ओळ लागेल हे आधी कळत नाही.

एक उदाहरण देते. 2024 मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने डिव्हिजन वनमधला पॉइंट्सचा रेकॉर्ड मोडला. तिचे एकूण 3,951 झाले. आता एनसीएएच्या रेकॉर्ड बुकात तिच्या आधीचा मुलींचा विक्रम केल्सी प्लमचा, 3,527. पण कॅन्ससच्या लिनेट वुडर्डचे 3,649 होते की! ते त्या पुस्तकात नव्हते, कारण वुडर्ड 1981 पर्यंत खेळली आणि तेव्हा मुलींचे सामने एनसीएए भरवतच नव्हती, एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना भरवायची. शिवाय वुडर्डच्या वेळी थ्री-पॉइंट लाइन नव्हती आणि बॉलही पुरुषांच्याच मापाचा, मोठा. ज्या अ‍ॅनालिस्टला हे माहीत आहे, ती प्रेक्षकांना विक्रम दाखवताना त्याच्यामागे उभी असलेली बाईही दाखवते. ज्यांना माहीत नाही, ते नुसते ओरडतात.

आता भांडणाकडे येऊ.

5 एप्रिल 2024, क्लीव्हलंड, फायनल फोरची सेमीफायनल. आयोवा विरुद्ध युकॉन. आपल्याकडे शनिवारची सकाळ होती. आयोवा 70, युकॉन 69, घड्याळात 3.9 सेकंद. बॉल युकॉनकडे. आलिया एडवर्ड्स स्क्रीन लावते, म्हणजे आपल्या खेळाडूला मोकळं करायला डिफेंडरच्या वाटेत भिंतीसारखी उभी राहते. डिफेंडर तिला धडकते आणि शिट्टी! फाउल एडवर्ड्सवर. बॉल गेला, मॅच गेली, 71-69. सोशल मीडियावर आग लागली. लेब्रॉन जेम्सलाही तो निर्णय पटला नाही.

त्या वेळी टेबलवर कोण होतं? रेबेका लोबो. म्हणजे 1995 मध्ये 35 पैकी 35 मॅचेस जिंकून चॅम्पियन झालेल्या युकॉन टीमची स्टार. तिचीच युनिव्हर्सिटी हरतेय, कोट्यवधी लोक ऐकतायत, रिप्ले सुरू झालाय. जरा विचार करा तिच्या जागी बसून.

खरं तर इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, नियमाने फाउल आहे का? स्क्रीन लावणारीने स्थिर उभं राहायचं, पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकवायचे नाहीत, हलून धडकायचं नाही. ते रिप्लेमध्ये बघता येतं. दुसरा, मॅचभर अशी धक्काबुक्की सोडून दिली असेल तर शेवटच्या चार सेकंदांत शिट्टी वाजवावी का? हा मताचा प्रश्न. भांडणारे लोक दोन्हींची खिचडी करतात. अ‍ॅनालिस्टने ते वेगळे करून द्यायचे असतात, ज्या टीमवर जीव आहे तिच्या विरुद्ध गेलं तरी.

आणि दुसरी गोची. खेळणाऱ्या मुली एकोणीस-वीस वर्षांच्या. जुलै 2021 पर्यंत त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलरही कमवायची परवानगी नव्हती. अशा मुलीची चूक नॅशनल टीव्हीवर दाखवावी का? काही जण म्हणतात, नको, आधीच महिलांच्या खेळाला कोणी विचारत नाही, कौतुक करा. मला हे अजिबात पटत नाही. नुसतं ‘किती मेहनत घेतात हो मुली’ असं बोलणं म्हणजे लहान मुलाच्या चित्राला छान म्हणणं. मुलांच्या मॅचला जसं बोलता तसंच बोला की! फक्त बोट निर्णयाकडे दाखवा. ‘ती बॉक्स आउट करायला विसरली’ हे विश्लेषण झालं. ‘तिला प्रेशर झेपत नाही’ ही नुसती गप्पा. सामन्यानंतर त्या मुलीच्या फोनवर काय काय येतं हे लक्षात घ्या, मग या दोन वाक्यांतला फरक कळेल.

‘कोणी विचारत नाही’ हेही आता जुनं झालं. 2021 मध्ये सॅन अँटोनिओला मुलींच्या टूर्नामेंटमध्ये व्यायामाला डंबेल्सचा एक बारका स्टँड ठेवला होता आणि मुलांना अख्खी जिम. ओरेगनच्या सेडोना प्रिन्सने व्हिडिओ टाकला आणि बोंब झाली. ‘मार्च मॅडनेस’ हे नावसुद्धा मुलींच्या स्पर्धेला 2022 मध्ये मिळालं. दोनच वर्षांनी, 2024 ची मुलींची फायनल 1 कोटी 89 लाख लोकांनी बघितली, मुलांची 1 कोटी 48 लाख. कळलं?

या कामातून माणूस कुठे पोचतो? डोरिस बर्क बघा. प्रॉव्हिडन्सची पॉइंट गार्ड, 1990 मध्ये तिथल्याच मुलींच्या मॅचेसवर रेडिओवर बोलायला लागली. 2024 मध्ये एनबीए फायनल्सची टीव्ही अ‍ॅनालिस्ट झाली, पहिली बाई. चौतीस वर्षं! आणि 2025 मध्ये चॅनेलने तिला पहिल्या टीममधून दुसऱ्या टीममध्ये हलवलं. ही नोकरी अशीच आहे, सीझन संपला की पुन्हा हिशोब.

आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन होती. तिच्या मॅचचं मराठीत असं विश्लेषण मी तरी ऐकलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या टीममध्ये खेळत असेल, तर मोबाइलवर एक मॅच रेकॉर्ड करा, आवाज बंद करून लावा आणि त्यावर बोला. बॉल सोडून द्या, बॉल नसलेल्या मुलीकडे बघा, स्क्रीन कोण लावतंय, कोण मागे पळायला कंटाळलंय. पहिल्या क्वार्टरमध्ये तुमची वाक्यं लांब होतील आणि पुढची बास्केट त्यांच्यावर येऊन आदळेल. चौथ्यापर्यंत आपोआप छोटी होतात. रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, त्यातलं एखादं पुढच्या एपिसोडमध्ये वाजवू. चला, भेटू!