जुबिली : सोडून देण्याचें वर्ष

(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीनिमित्त धर्मग्रामवासीयांपुढें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाला पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. परमेश्वराच्या कृपेनें हा दिवस आपण पाहत आहों, याबद्दल प्रथम त्याचे उपकार मानूं या. ज्यांनीं डोक्यावरून विटा वाहिल्या, ज्यांनीं आपल्या वाडींतील केळीचे घड विकून देवमंदिराला हातभार लावला, आणि ज्यांचीं नांवें कोणत्याहि पाटीवर कोरलेलीं नाहींत, त्यांचेंहि आज कृतज्ञतेनें स्मरण करूं या.

जुबिली हा शब्द अलीकडे आपल्या तोंडीं नित्य असतो; त्याचा मूळ अर्थ मात्र आपण क्वचितच मनांत आणतों. हिब्रू भाषेंत 'योबेल' म्हणजे मेंढ्याचें शिंग. दर पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकावें, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावयाची होती. दारिद्र्यामुळें चाकरींत विकला गेलेला बंधु मोकळा होऊन आपल्या घरीं परतावयाचा होता. आणि शेतांत पेरणी व्हावयाची नव्हती. याचें कारणहि तेथेंच दिलें आहे. भूमि परमेश्वराची आहे. माणूस तिच्यावर केवळ उपरी म्हणून राहतो. पन्नास वर्षांत कोणी पुढें गेला असेल, कोणी मागें पडला असेल. तो सारा हिशेब जुबिलीनें पुसून टाकावयाचा होता. सारांश, जुबिली हें मिळविण्याचें वर्ष नव्हे. तें सोडून देण्याचें वर्ष आहे.

आतां आपण आपल्याकडे पाहूं. महोत्सव ठरला तेव्हांपासून आमच्या कानीं काय येत आहे? शेजारच्या धर्मग्रामांत जेवणास इतकीं पानें उठलीं, आपल्याकडे त्याहून अधिक उठलीं पाहिजेत. त्यांनीं एक बँड आणिला, आपण दोन आणूं. देणगीदारांच्या यादींत अमक्या घराचें नांव वर कां, आणि आमचें खालीं कां? हें सारें उत्सवापुरतें असतें, तर आम्हीं हंसून सोडून दिलें असतें. परंतु हीच चढाओढ बारा महिने आपल्या घरांत नांदत आहे. एकाच्या घरच्या लग्नाचा थाट पाहून दुसरा कर्ज काढतो. दहावीचा निकाल लागला कीं आपण आपल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवण्याआधीं शेजाऱ्याच्या मुलाचे गुण विचारतों. आणि शंभरांत ऐंशी गुण मिळविलेलें लेंकरूं मान खालीं घालून बसतें. दोन सख्खे भाऊ वाडीच्या बांधावरून कोर्टांत उभे राहतात, आणि रविवारीं एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर स्वीकारून, एकमेकांकडे न पाहतां, दोन दारांनीं बाहेर पडतात.

ही व्याधि नवी नाहीं. पुनरुत्थित प्रभूनें सरोवराच्या कांठीं पेत्रावर आपलीं मेंढरें राखण्याचें काम सोपविलें, आणि तो कोणत्या मरणानें देवाचा गौरव करील, हेंहि सुचविलें. एवढा मान पदरीं पडल्यावर पेत्रानें काय केलें? मागें वळून योहानाकडे पाहिलें आणि विचारलें कीं, याचें काय होणार? त्याची उठाठेव तुला नको, तूं माझ्यामागें ये, अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें. बंधूंनो, आपली मान वळते ती नेमकी अशाच वेळीं. आणि मान वळली कीं पाऊल चुकतें.

मग उद्योग करूंच नये काय? मुलांनीं अभ्यास सोडून द्यावा काय? तसें मुळींच नाहीं. धन्यानें एका दासाला पांच तालांत दिले, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, हा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. पांचांचे दहा करणारा आणि दोहोंचे चार करणारा, या दोघांनाहि मिळालेली शाबासकी अगदीं एकच आहे. दहा आणि चार यांची तुलना धन्यानें केलीच नाहीं. शिक्षा झाली ती मिळालेलें धन पुरून ठेवणाऱ्याला. म्हणून श्रम करावे, जिवापाड करावे; पण ज्यानें दिलें त्याच्याकडे पाहून करावे. हेतु आणि चढाओढ यांतील भेद हाच आहे.

या शिकवणीचा एक थोर साक्षीदार आपल्याच वसईच्या मातींत जन्मला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. येशूसंघीय धर्मगुरूंपाशीं ते शिकले, कोंवळ्या वयांत जपानला गेले, तेथील भाषा त्यांनीं आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत आपणांस घ्यावें, ही त्यांची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. पुढें त्यांनीं व्यापार केला, व त्यांत त्यांचा चांगला जम बसला. ज्यांनीं घेतलें नाहीं त्यांना आतां वैभव दाखवावें, असें दुसऱ्या एखाद्याला वाटलें असतें. गोन्सालोंनीं व्यापारच सोडला, आणि मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत शिरले. तेहि धर्मगुरु म्हणून नव्हे, तर साधे धर्मबंधु म्हणून. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते दुभाषी होऊन पुन्हां जपानांत गेले.

त्या काळीं तेथें धर्मसेवकांतहि ओढाताण होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८५ सालीं जपानचें धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे ठेवलें होतें. त्यामुळें फ्रान्सिस्कनांच्या येण्यानें वाद उत्पन्न झाला. पोर्तुगीज व स्पॅनिश लोकांच्या चढाओढीनें त्यांत भरच घातली. पुढें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमानें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांवर गोन्सालोंसह सहा फ्रान्सिस्कन होते, तिघे जपानी येशूसंघीय होते, आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. आधीं कोण आला, हक्क कोणाचा मोठा, हा वाद खालीं जमिनीवर राहिला. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांना एकाच दिवशीं संतपद दिलें.

बंधुभगिनींनो, आपण देणग्या उदार हातानें दिल्या आहेत. अधिक द्रव्य आम्ही मागत नाहीं. देणगीदारांचीं नांवें रकमेचा आंकडा न घालतां, मुळाक्षरांच्या क्रमानें छापावीं, असें आम्हीं महोत्सव समितीला सांगितलें आहे. तें कोणीं मनाला लावून घेऊं नये. आमचें मागणें इतकेंच कीं, महोत्सवाच्या मिस्सेपूर्वीं प्रत्येक घरानें एक गोष्ट सोडावी. ज्याचा भावावर दावा आहे त्यानें एकदां त्याच्या उंबरठ्यावर जावें. ज्यानें बहिणीचा वांटा अडकवून ठेवला आहे त्यानें तो मोकळा करावा. गरिबाकडे थोडें येणें असेल, तर त्याचा कागद फाडून टाकावा. यांतलें कांहींच नसेल, तर निदान आपल्या लेंकराला त्या रात्रीं जवळ बसवावें आणि सांगावें कीं, तूं कोणाच्या पुढें आहेस कीं मागें, हें आम्हांला पाहावयाचें नाहीं. देवानें तुला आम्हांस दिलें, एवढें पुरे आहे.

शिंग तेव्हांच वाजलें असें आम्ही समजूं. धन्य कुमारी मारिया आणि संत गोन्सालो आपणां सर्वांसाठीं विनंति करोत, आणि प्रभु येशू ख्रिस्ताची शांति आपल्या घराघरांत नांदो.