ऐकणारा रेडिओ आधी



हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, मनापासून आभार. चांदूर रेल्वेच्या मंडळींनी ऐन सोयाबीनच्या गडबडीत मुक्कामाची, जेवणाची चोख व्यवस्था ठेवली आणि शाळेचं छत दोन दिवस आपल्या अँटेनांसाठी मोकळं करून दिलं, त्यांचेही आभार.

अध्यक्षानं आढावा घ्यायचा असा रिवाज आहे, तो आधी उरकतो. हौशी उपग्रहांच्या बाबतीत मराठी मुलखानं मान खाली घालावी असं काही नाही. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. एका हॅमचा संदेश साठवून घ्यायचा आणि दुसरीकडे उतरवायचा, हे त्याचं काम. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. २०२५ च्या जुलैत अंतराळवीर शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांतून एकच विचारणा सुरू झाली आहे: सर, उपग्रहाशी बोलायला रेडिओ कोणता घ्यावा?

कालचे दोन्ही परिसंवाद याच प्रश्नावर रंगले. चिनी हँडी पुरतो की जपानी बेस सेट हवा, पाच वॉट की पन्नास, डॉप्लरमुळे सरकणारी फ्रिक्वेन्सी हातानं सांभाळायची की संगणकानं. मी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकलं. या रेडिओवर ऐकू काय येणार, एवढं मात्र एकाही वक्त्यानं विचारलं नाही. म्हणून आढावा मी इथेच थांबवतो. ही गोष्ट मला बरीच वर्षं बोलायची आहे आणि आज माइक माझ्या हातात आहे.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात ‘उपग्रहाशी थेट संवाद’ असा कार्यक्रम होता. मांडव, फलक, पाहुणे, सगळं होतं. टेबलावर पन्नास वॉटचा कोरा सेट, स्क्रीनवरची प्लॅस्टिकची फिल्मही काढलेली नव्हती. अँटेना तीन मजले वर आणि तिथून खाली टेबलापर्यंत साधी पातळ आरजी-५८ केबल. उपग्रह होता एसओ-५०. बोलायचं १४५.८५० वर, ऐकायचं ४३६.७९५ वर. पास, म्हणजे उपग्रहाची आकाशातून फेरी, सुरू झाला. प्राध्यापकांनी माइक धरला आणि सीक्यू, म्हणजे सगळ्यांना उद्देशून हाक, सुरू केली. थांबायचे, दोन सेकंद ऐकायचे, पुन्हा सुरू. मी मांडवाच्या मागच्या टोकाला एक छोटा रिसीव्हर आणि हातात धरायची यागी अँटेना घेऊन उभा होतो, एका कानात इअरफोन. त्या कॉलेजाला उत्तरं येत होती! दक्षिणेकडचा एक स्टेशनवाला कॉलसाइन घेऊन पुन्हा पुन्हा हाक देत होता. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मग एक जण इंग्रजीत म्हणाला, हे ऐकत नाहीत, यांना जाऊ द्या. पास संपला. सूत्रसंचालकांनी जाहीर केलं की उपग्रहाकडून प्रतिसाद मिळू शकला नाही. शंभरावर मुलं त्या समजुतीनं घरी गेली की वर कोणी नव्हतं.

ती मुलं आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. आज इथे मी तावातावानं बोलतोय ते त्यांच्यासाठी.

काय झालं होतं ते सरळ आहे. एवढ्या लांब आरजी-५८ मध्ये ४३६ मेगाहर्ट्झवर वरून आलेल्या सिग्नलचा पाचवा हिस्साही टेबलापर्यंत पोचत नाही. १४५ वर तीच केबल कमी खाते, शिवाय मागे पन्नास वॉटचा जोर, म्हणून आवाज वर झकास जात होता. म्हणजे कॉलेजानं पैसे मोजून असं स्टेशन उभारलं होतं, जे अर्ध्या आशियाला ऐकू जात होतं आणि त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. एसओ-५० सारख्या उपग्रहाला एकच वाहिनी असते. एका वेळी एकानंच बोलायचं. न ऐकता बोलणारा माणूस दहा मिनिटांचा पास सगळ्यांसाठी नासवतो.

म्हणून माझं म्हणणं असं, आणि ते मी कोणाच्याही समोर म्हणेन: ज्या रेडिओवर बोलता-बोलता आपलाच आवाज उपग्रहावरून परत येताना ऐकू येत नाही, तो रेडिओ उपग्रहासाठी घेऊ नये. याला आपण फुल डुप्लेक्स म्हणतो. एका बँडवर बटण दाबलेलं असताना दुसऱ्या बँडवर कान उघडा हवा. दुकानदार ‘ड्युअल बँड’ म्हणून जे विकतात, त्यातल्या बहुतेक सेटना हे जमत नाही. ते बँड बदलतात, पण बोलायला लागले की बहिरे होतात. खोक्यावर दोन फ्रिक्वेन्सी छापलेल्या पाहून मंडळी फसतात, आणि आपले अनुभवी हॅमही ‘चालून जाईल’ म्हणतात. मी म्हणतो, चालत नाही.

हौशी उपग्रहांचा इतिहास बघा. पहिला ऑस्कर १२ डिसेंबर १९६१ ला गेला. त्यावर बोलायची सोयच नव्हती. तो मोर्समध्ये फक्त ‘हाय’ एवढं पाठवायचा, १४४.९८३ वर, एक वॉटचा सातवा हिस्सा शक्ती वापरून. आणि निरनिराळ्या देशांतल्या शेकडो हॅमनी तो ऐकून, वेळा टिपून, कागद पाठवले. आपल्या छंदाच्या या शाखेची सुरुवात ऐकण्यातून झाली आहे.

आता आपला हॅमसॅट. हे बोलताना मला आजही वाईट वाटतं. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ नं कार्टोसॅट-१ बरोबर ४२.५ किलोचा हा उपग्रह वर नेला. जगानं त्याला व्हीओ-५२ म्हटलं. त्यात एका बँडवरचा आवाज दुसऱ्या बँडवर परत पाठवणारे दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतात बनवलेला, दुसरा नेदरलँड्सच्या एका हॅमनं केलेला. बोलायचं ४३५ वर, ऐकायचं १४५ वर. ही मांडणी किती विचाराची होती पाहा. १४५ चा सिग्नल तेवढ्याच अंतरावर तिप्पट फ्रिक्वेन्सीपेक्षा नऊ-साडेनऊ डेसिबल कमी झिजतो. डॉप्लरही तिसराच हिस्सा. करणाऱ्यांनी आपल्यासारख्या साध्या स्टेशनवाल्यांचा कान सोपा करून दिला होता.

जुलै २०१४ पर्यंत, नऊ वर्षं, तो या चांदूर रेल्वेवरून रोज जात होता. त्यावरच्या युरोपातल्यांच्या संभाषणांच्या नोंदी मी वाचल्या, रशियन, अरब, थाई मंडळींचे आवाज ऐकले. वऱ्हाडातले आवाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कारण एकच. त्याचा ट्रान्सपाँडर लिनियर होता, त्याला एसएसबी (सिंगल साइडबँड) लागायचं, आणि आपण सगळे एफएमचे सेट घेऊन बसलो होतो. कोणी विचारलंच नाही की आपल्या स्वतःच्या उपग्रहाला कोणता सेट लागतो. हैदराबादच्या अश्हर फर्हान यांनी बिटएक्स हा एसएसबी सेट बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून करून दाखवला होता, त्याचे आराखडे खुले होते. त्याला ४३५ चा ट्रान्सव्हर्टर जोडून हॅमसॅटसाठी देशी सेट निघू शकला असता. मला तरी त्या नऊ वर्षांत असा सेट कोणाच्या टेबलावर दिसला नाही.

आणि ज्यांच्याकडे एसएसबी होतं, त्यांच्यातही काही जण ओरडायचे. लिनियर ट्रान्सपाँडरची गंमत अशी की साठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अनेक जण एकाच वेळी बोलू शकतात, पण वरची शक्ती एकच असते, हॅमसॅटची साधारण एक वॉट, आणि ती सगळ्यांत वाटली जाते. सामाईक विहिरीवर एकानं मोठी मोटर टाकली की बाकीच्यांच्या नळ्या कोरड्या पडतात, तसं होतं. ज्याला आपला परतीचा आवाज ऐकू येतो तो लगेच शक्ती कमी करतो. ज्याला येत नाही तो वाढवत नेतो. वॉटचा वाद मी इथेच मिटवतो: आपला आवाज उपग्रहाच्या बीकनपेक्षा मोठा ऐकू आला, तर तुमचे वॉट जास्त आहेत. हे कळायला कान लागतो.

चिनी की जपानी, या वादावर एक मुलगी आठवते. याच तालुक्यातली, शेतकऱ्याची. तिच्याकडे यूएसबीचा साधा आरटीएल-एसडीआर डोंगल, भावाचा जुना लॅपटॉप आणि घरीच केलेली यागी. सुताराच्या मोजपट्टीची पोलादी पट्टी कापून पीव्हीसीच्या नळीवर क्लिपांनी बसवलेली. दीड मोसम ती फक्त ऐकत होती. १४५.८०० वर अंतराळ स्थानकाची चित्रं उतरवली, एसओ-५० वर कोण किती वाजता येतो याची वही केली. मी एकदा तिच्या गच्चीवर होतो. ईशान्येला पास मावळत चालला होता, आवाज खोल गेला. मी म्हटलं, गेला आता. तिनं काही न बोलता मनगट हळूच फिरवलं, यागी आडवीची उभी केली, आणि आवाज परत वर आला. “सर, तो फिरून राह्यला ना वरती, मंग आपणबी फिराव लागते,” ती म्हणाली. पुढे रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा दिली (मोर्सची अट नसलेली ती पायरी), कॉलसाइन आलं, आणि पाच वॉटच्या साध्या चिनी हँडीवर पहिल्याच हाकेला तिला उत्तर मिळालं, कारण संभाषणांमधली फट कुठे असते ते तिला पाठ होतं. कान डोंगलवर, तोंड हँडीवर. हे झालं तिचं फुल डुप्लेक्स. लाखाच्या वरचा आयकॉमचा आयसी-९७०० उत्तम सेट आहे, ऐपत असेल त्यानं जरूर घ्यावा. पण शाळेला मी हा मुलीचा मार्ग सांगतो.

त्यात एक खोच आहे, ती काल कोणी सांगितली नाही. १४५ वर बोलताना त्याची तिप्पट ४३५ च्या आसपास पडते. अंतराळ स्थानकाच्या रिपीटरला १४५.९९० वर ६७ हर्ट्झचा टोन लावून हाक द्यायची आणि ४३७.८०० वर ऐकायचं. १४५.९९० ची तिप्पट ४३७.९७०. म्हणजे तुमचाच हँडी तुमच्या कानाच्या अगदी शेजारी ओरडतो. मग मंडळी म्हणतात, डुप्लेक्स जमत नाही. जमतं. दोन अँटेना एकमेकींना काटकोनात बसवा, हँडीच्या तोंडाला ४३५ अडवणारा फिल्टर लावा, वॉट कमी करा. बेस सेट असेल तर प्रीअँप छतावर, अँटेनाच्या बुडाशी लावा. टेबलाशी लावलेला प्रीअँप केबलमध्ये मेलेल्या सिग्नलला जिवंत करत नाही.

आणि डॉप्लर. संगणकाची बाजू घेणारे आमचे मित्र समोर बसले आहेत, त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे. एका शिबिरात त्यांच्या लॅपटॉपनं सांगितलं की स्थानक अजून उगवलेलं नाही. लॅपटॉपमध्ये स्थानकाच्या कक्षेचे जुने आकडे होते. हेडफोन लावून बसलेला नववीतला पोरगा म्हणाला, “आला ना सर, मले ऐकू येऊन राह्यला.” पोरगा बरोबर होता. स्थानकासाठी ४३७.८१० वर सुरू करा, मग ८०५, डोक्यावर ८००, मावळताना ७९५, ७९०. हँडीत पाच चॅनल भरून ठेवले की झालं. आरएस-४४ सारख्या लिनियर उपग्रहावर संगणक मदत करतो हे मला मान्य आहे, पण ज्यानं हातानं डॉप्लर धरलेला नाही, त्याच्या हाती संगणक देऊ नये.

पुढच्या कामांबद्दल बोलायचं तर, मराठीत एक छोटी पुस्तिका हवी, कोणत्या उपग्रहाला कोणता सेट, कोणती केबल. ती आपण काढू. कोणत्या शाळांच्या कपाटांत सेट बंद पडून आहेत त्याची यादी व्हायला हवी. कोणीतरी जिल्हावार हे अंगावर घ्यावं. देशी एसएसबी सेटचं जे राहून गेलं, त्याबद्दल बदनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या मंडळींनी एकत्र बसावं असं मला वाटतं, त्याचं स्वरूप पुढे ठरवता येईल.

आज संध्याकाळच्या पासला आपण सगळे मागच्या मैदानावर जमणार आहोत. मी संयोजकांशी बोललो आहे. ज्यांच्याकडे रिसीव्हर आणि हेडफोन आहेत त्यांनी ते घेऊन यावं, दोन मुलांना बरोबर घ्यावं. ट्रान्समीटर ज्यांनी आणलेत, त्यांनी आजच्या पासला ते गाडीतच ठेवावेत. उद्या सकाळच्या पासला मुलं बोलतील, आणि आधी तीच ठरवतील की त्यांना ऐकू येतंय का.