कुलूप आणि वाय-फाय



ठाणे-डोंबिवलीच्या वसतिगृहांत मी बिनतारी कुलुपं बसवतो. त्यांतली बरीचशी वाय-फायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२मध्ये सुरू होण्याआधी मेलगाड्या लोकलच्याच रुळांवरून जायच्या आणि लोकल खोळंबायची. इथंही तसंच. कुलपाचा निरोप खोळंबला की ते तो पुन्हा पुन्हा पाठवतं. बॅटरी लवकर संपते. म्हणून वाय-फायला १, ६, ११ हे चॅनेल आणि झिगबीवर चालणाऱ्या कुलपांना २५वा द्यायचा.

पण सगळ्यांत आधी मी दाराची आतली मूठ फिरवून बघतो. वीज, वाय-फाय, बॅटरी, सगळं गेलं तरी आतल्या मुलाला बाहेर पडता आलंच पाहिजे.