शिकवायला निघालेल्याने आधी शिकावे
(बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचा मजकूर)

सेवेची प्रेरणा मनात जागी होणे ही कोणत्याही समाजाच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट आहे. आज महाराष्ट्रातील अनेक तरुण-तरुणी शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरीस लागण्यापूर्वी काही महिने किंवा एखादे वर्ष दूरच्या ग्रामीण शाळेत विनावेतन शिकविण्यासाठी जातात. कोणी नेपाळच्या डोंगरांत जातो, कोणी आफ्रिकेतील एखाद्या खेड्यात, तर कोणी आपल्याच देशाच्या पूर्वांचलात. जाण्याचा निश्चय पुष्कळांना करता येतो. तेथे पोहोचल्यावर आपल्या सवयी, आपला अहंकार आणि आपल्या ठाम समजुती बाजूला ठेवून त्या गावाचे होणे मात्र फार थोड्यांना साधते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

या विषयाशी विदर्भाचे नाते जुने आहे. एकनाथजी रानडे यांचा जन्म १९१४ साली अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा या लहानशा गावी झाला. कन्याकुमारीच्या सागरातील विवेकानंद शिलास्मारक १९७० साली त्यांनी पूर्णत्वास नेले. दगडी स्मारकापाशी न थांबता ७ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी विवेकानंद केंद्राची स्थापना केली आणि सेवेसाठी आयुष्य देणाऱ्या जीवनव्रती कार्यकर्त्यांची परंपरा सुरू झाली. १९७७ साली केंद्राने अरुणाचल प्रदेशात सात निवासी विद्यालये उघडली. रोइंग, शेर, सुनपुरा, अमलियांग, ताफ्रोगाम ही नावे तोवर महाराष्ट्राच्या कानावरून गेलेलीही नव्हती. तेथे देशभरातून शिक्षक गेले आणि त्यांत मराठी घरांतील मुले-मुलीही होती.

अरुणाचल हा भारतच; पण १९७२ पर्यंत तो 'नेफा' या नावाने ओळखला जाई आणि १८७३ च्या इंग्रजी नियमावलीतून आलेला अंतर्रेषा परवाना बाहेरच्या माणसाला आजही काढावा लागतो. यवतमाळच्या माणसाला तेथील पहिले दिवस परदेशासारखेच वाटतात. सूर्यच वेगळ्या वेळी उगवतो! रोइंग यवतमाळच्या सुमारे अठरा रेखांश पूर्वेला आहे. म्हणजे घड्याळ एकच असले तरी तेथील दिवस सरासरी सत्तर मिनिटे आधी सुरू होतो. उन्हाळ्यात पहाटे साडेचारच्या आत लख्ख उजाडते, हिवाळ्यात दुपारच्या चहाच्या वेळेला अंधार पडू लागतो. ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण यांवर वाढलेल्या माणसासमोर भात, उकडलेला पाला, आंबवलेले बांबूचे कोंब आणि चुलीवर धुरावलेले मांस येते. पाहुण्याच्या हाती तांदळाची आपोंग प्रेमाने दिली जाते.

नव्या शिक्षकाची खरी परीक्षा येथे सुरू होते. शाकाहारी माणसाने मांस खावे किंवा मद्य न घेणाऱ्याने ते घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नाकारण्याच्याही दोन रीती आहेत. नाक मुरडून बाजूला सारलेले पात्र घरधन्याला आयुष्यभर आठवते. तेच पात्र दोन्ही हातांनी स्वीकारून, कपाळाला लावून, 'आमच्या घरची रीत वेगळी आहे' असे सांगून परत ठेवले, तर घरधनी हसतो आणि भात वाढतो. स्वतःचे व्रत पाळताना दुसऱ्याच्या अन्नाचा अपमान होऊ न देणे, ही शिकून घेण्याची गोष्ट आहे.

दुसरी परीक्षा हजेरीपटाची. आपल्याकडील हजेरीपटात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे रकाने ठरलेले. आदी आणि गालो समाजांच्या पारंपरिक वंशावळीत पित्याच्या नावाचे शेवटचे अक्षर पुत्राच्या नावाचे पहिले अक्षर होते आणि अशी साखळी मूळ पुरुषापर्यंत मुखोद्गत असते. ज्या शिक्षकाला हे ठाऊक नाही, त्याला ती नावे उच्चारायला अवघड आणि 'विचित्र' वाटतात. ज्याला ठाऊक आहे, त्याला प्रत्येक नावात एक इतिहासग्रंथ दिसतो.

तिसरी परीक्षा पंचांगाची. गालो लोकांचा मोपिन एप्रिलमध्ये, आपातानींचा द्री जुलैमध्ये, न्यिशींचा न्योकुम फेब्रुवारीत. हे सारे शेतीशी बांधलेले सण आहेत. मोपिनला तांदळाचे पांढरे पीठ एकमेकांच्या चेहऱ्याला लावतात. रंगपंचमी खेळलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. डोंगरउतारावरील झूम शेतीची घाई सुरू झाली की मुले शाळेऐवजी रानात दिसतात. 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही' असा शेरा मारणे सोपे असते. गावाच्या 'केबांग'मध्ये, म्हणजे आदींच्या ग्रामसभेत, ज्येष्ठांच्या पायाशी बसून शाळेची वेळ कशी ठेवावी हे विचारणे अवघड असते. पण शाळा टिकते ती त्यामुळेच.

या संदर्भात शंकर दिनकर काणे, म्हणजेच भय्याजी काणे, यांचे स्मरण अपरिहार्य आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हा मराठी माणूस मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात, ब्रह्मदेशाच्या सीमेजवळील न्यू तुसॉम या तांगखुल नागा गावी शिक्षक म्हणून राहिला. तांगखुल गावांची बोली गावागणिक इतकी बदलते की शेजारच्या गावचे बोलणे कळेलच असे नाही. अशा मुलखात संशयाच्या नजरा झेलत राहणे हीच पहिली साधना होती. भय्याजींनी एक पाऊल पुढे टाकले. तेथील मुलांना ते महाराष्ट्रात शिकायला घेऊन आले. त्यामुळे जुळवून घेण्याचा भार एका बाजूवर राहिला नाही. मराठी कुटुंबांनाही नागा मुलांची चव, लाज, घरची ओढ समजून घ्यावी लागली. १९९९ साली भय्याजींचे निधन झाले. मणिपुरी भाषेत शिक्षकाला 'ओजा' म्हणतात. खारासोम येथे आज उभ्या असलेल्या शाळेचे नाव 'ओजा शंकर विद्यालय' आहे. परक्या माणसाला गावाने आपल्या भाषेतील शब्दाने हाक मारावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र शिक्षकाला कोणते हवे?

त्याच उखरूलमध्ये १८९६ साली विल्यम पेटिग्रू हा स्कॉटिश मिशनरी येऊन राहिला होता. त्याने तांगखुल भाषा शिकली, तिला लिपी दिली, शाळा काढली, बायबलच्या नव्या कराराचा तांगखुल अनुवाद केला. त्याच्या हेतूविषयी मतभेद असणारे या सभागृहात अनेक असतील, ते असावेतही. परंतु त्याच्या परिश्रमांकडे डोळेझाक करून चालणार नाही. स्थानिकांची भाषा न शिकता, केवळ सद्भावनेच्या बळावर कार्य होईल, ही समजूत भ्रामक आहे.

येथे एका अप्रिय प्रश्नाला सामोरे जाणे आवश्यक आहे. बाहेरून गेलेल्या शिक्षकामुळे गावाचे नुकसानही होऊ शकते काय? होऊ शकते. मूल वसतिगृहात राहते, वर्गात इंग्रजी शिकते, मित्रांशी हिंदीत बोलते आणि सुट्टीत घरी आल्यावर आजीशी बोलायला त्याला शब्द सापडत नाहीत. युनेस्कोने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या संकटग्रस्त भाषांच्या सूचीत अरुणाचलच्या अनेक भाषा आहेत. याचा दोष एखाद्या शाळेला देणे अन्यायाचे ठरेल. रस्ते, बाजार, नोकऱ्या यांचाही त्यात वाटा आहे. परंतु संस्कृतिरक्षणाची भाषा करणाऱ्याने तरी आपल्या वर्गात मुलाची मातृभाषा हसण्यावारी जात नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. आदी समाजातील तालोम रुकबो यांनी दोन्यी-पोलो या परंपरागत श्रद्धेच्या प्रार्थना लिहून काढल्या, सामूहिक उपासनेची घडी बसविली. ते काम त्या मातीतील माणसानेच करायचे होते. बाहेरच्या कार्यकर्त्याची जागा अशा माणसाच्या मागे उभे राहण्याची असते.

पाश्चात्त्य देशांतही हा विचार झालेला आहे. अमेरिकेने १९६१ साली सुरू केलेल्या 'पीस कोअर'मध्ये स्वयंसेवकाचा कालावधी साधारणपणे सत्तावीस महिन्यांचा असतो आणि त्यांतील पहिले सुमारे तीन महिने भाषा व रीतिरिवाज शिकण्यात जातात. याउलट दोन आठवड्यांची 'सेवा-सहल' करून, मुलांसोबत छायाचित्रे काढून परतणाऱ्यांची संख्या जगभर वाढली आहे. मुलांना अशा पाहुण्याचा लळा लागतो आणि तो जातो. मग दुसरा येतो, तोही जातो. मुलाच्या मनावर दर खेपेस उमटणारा ओरखडा छायाचित्रात दिसत नाही.

आणि जुळवून घेणे एकतर्फी असू शकत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया याच्या केसांवरून दिल्लीच्या बाजारात टवाळी झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. रोइंगच्या शाळेत एकात्मतेचा पाठ द्यायचा आणि पुण्या-नागपुरात शिकायला आलेल्या रोइंगच्या मुलाला 'चिनी' म्हणून हाक मारायची, हा दांभिकपणा राष्ट्राला परवडणारा नाही. मे २०२३ पासून मणिपूरने जे भोगले, त्यानंतर तर तेथील प्रत्येक समाजाच्या मुलाशी बोलताना जिभेवर दुप्पट संयम हवा.

बंधुभगिनींनो, बोरी अरबहून रोइंग फार दूर आहे. परंतु ही साधना येथूनच सुरू करता येते. दारव्हा तालुक्यातील तांड्यांवरून शाळेत येणारे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. घाटंजी, केळापूर, झरी जामणीच्या पोडांवरील कोलाम मुलांची कोलामी तर मराठीच्या कुळातीलही नाही. ती द्राविड कुळातील आहे. पहिलीच्या वर्गात हे मूल गप्प बसते आणि आपण त्याला 'मंद' ठरवून मोकळे होतो. तांड्याच्या नाईक-कारभाऱ्याला शाळेच्या वेळेविषयी कितीदा विचारले जाते? हंगामी कामासाठी आईबाप बाहेरगावी गेले की त्या मुलाचे वर्ष कसे जाते, याची चौकशी कोण करते?

पूर्वांचलात किंवा परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या येथील तरुणाने प्रथम एक शैक्षणिक वर्ष जवळच्या तांड्यावर द्यावे. गोरमाटीची शंभर वाक्ये शिकावीत. लहान मुलांनी आपले उच्चार ऐकून हसावे आणि आपणही त्यांच्यासोबत हसावे. पोहरादेवीच्या यात्रेला तांड्याबरोबर चालत जावे. एवढे ज्याला साधले, तो केबांगपुढे कसे बसायचे हे न सांगता जाणेल. ज्याला साधले नाही, त्याने एवढ्या दूरचे तिकीट काढण्याची घाई करू नये. त्याचे पहिले काम दारव्हा तालुक्यातच त्याची वाट पाहत आहे.