हेल्मेट माझं, रस्ता कोणाचा?

आजचा एपिसोड एका खड्ड्यापासून सुरू होतो.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसमधून घरी येताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि मी बाईकसकट आडवा झालो. हेल्मेटला मोठी चीर गेली, डोकं वाचलं. दुसऱ्या दिवशी तक्रार करायला फोन लावले. पहिले म्हणाले, हा रस्ता आमच्याकडे नाही. दुसरे म्हणाले, काम कंत्राटदाराकडे आहे. तिसऱ्यांनी मला परत पहिल्यांचाच नंबर दिला. आमच्या कामात सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न असतो, हे कोणाकडे आहे? उत्तर नसेल तर ते तिकीट फिरतच राहतं. इथेही तेच.

म्हणून म्हटलं, हे नक्की कोणाकडे आहे ते राज्यघटनेतच बघू. सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे. पोलीस आणि बाकीचे रस्ते राज्यसूचीत. आणि मोटार वाहनं समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे. थोडक्यात, कायदा दिल्ली करते, पावती राज्याचा पोलीस फाडतो, आणि खड्डा कोणाचा ते रस्त्यावर अवलंबून!

आता या विषयावर संसदेत वारंवार बोललेला एक माणूस आपलाच आहे. नागपूरचे खासदार, रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी. त्यांचं म्हणणं सोपं आहे: कायद्याचा धाक हवा. १९८८ च्या कायद्यातले दंड इतके जुने झाले होते की विनाहेल्मेट पकडलं तरी शंभर रुपयांत सुटका व्हायची. शंभर रुपयांना कोण घाबरतं?

त्यांनी २०१६ मध्ये दुरुस्ती विधेयक आणलं. त्याआधी राजस्थानचे तेव्हाचे परिवहनमंत्री युनूस खान यांच्या अध्यक्षतेखाली वेगवेगळ्या राज्यांच्या मंत्र्यांचा गट बसवला होता. लोकसभेत ते २०१७ ला मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं. एक मोठा आक्षेप होता, केंद्र राज्यांचे अधिकार ओढून घेतंय. शेवटी नव्या लोकसभेत पुन्हा मांडलं आणि १ सप्टेंबर २०१९ पासून नवे दंड लागू झाले. विनाहेल्मेट एक हजार रुपये, वर तीन महिने लायसन्स बाद.

आणि मग गंमत झाली. गुजरातने काही दिवसांतच बरेच दंड कमी केले, हेल्मेटचा निम्मा केला. तिथे सरकार गडकरींच्याच पक्षाचं! महाराष्ट्राने अंमलबजावणीच थांबवली, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी फेरविचाराचं पत्र दिल्लीला पाठवलं. आपल्याकडे नवे दर लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. राज्यांना हे जमलं कसं? कायद्याच्या कलम २०० नुसार, कोर्टात न जाता जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य ठरवतं. त्या फटीतून सगळे बाहेर पडले.

गडकरी तेव्हा म्हणत होते, पैसे गोळा करायला नाही, जीव वाचवायला हे दंड आहेत. मला ते पटतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. त्यातले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले होते. मागच्याला कशाला हवं, असं आपण म्हणतो ना, ते हे चौदा हजार.

पण इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. त्याच वर्षीचे ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे आहेत. देशातल्या एकूण रस्त्यांत हे महामार्ग जेमतेम दोन टक्के, आणि ते केंद्राचे. तिथे राज्य दंड कमी करतं ही सबब पुरत नाही. कायद्यात कलम १९८-अ आहे. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल नियमाप्रमाणे नसेल आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. कोट्यवधींच्या कामात एक लाख म्हणजे आपले जुने शंभर रुपयेच की! धाक हवा हे तत्त्व खरं असेल तर ते दोन्ही बाजूंना लागू व्हायला पाहिजे. माझं ई-चलान दोन मिनिटांत मोबाइलवर येतं, रस्ता बांधणाऱ्याचं चलान आलेलं तुम्ही कधी पाहिलंय?

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये गडकरींनी लोकसभेत उघड कबूल केलं की अपघात कमी करायचं ठरवलं होतं, पण ते वाढले. परदेशातल्या परिषदांत विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं, असंही म्हणाले. रस्त्यांच्या सदोष डिझाइनबद्दल इंजिनिअरांवरही ते जाहीरपणे बरसलेत. मंत्र्याने चूक मान्य करणं ही चांगली सुरुवात आहे. पण आमच्याकडे चूक मान्य केल्यावर ती दुरुस्त कोण, कधीपर्यंत करणार हेही लिहावं लागतं.

मग आपण काय करायचं? खड्डा दिसला की आधी रस्ता कोणाचा ते बघा. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. राष्ट्रीय महामार्गासाठी हेल्पलाइन १०३३. शहरातल्या रस्त्याची तक्रार लेखी करा, नंबर जपून ठेवा. नंबर असला की पुढचं बोट दाखवणं अवघड होतं.

आणि हो, जबाबदारी केंद्राची की राज्याची हा वाद चालू राहील. तोवर डोकं मात्र आपल्याच ताब्यात आहे. माझं ते चीर गेलेलं हेल्मेट अजून कपाटावर ठेवलंय. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं विकत घेतलंय. तुम्हीही घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. सांभाळून चालवा!