खंडानंतरची सायकल आणि गुडघा

बऱ्याच खंडानंतर सायकल पुन्हा सुरू केली की पहिली कुरकुर गुडघ्याची असते. बहुधा पुढच्या बाजूला, वाटीभोवती. सायकल पावसाळाभर बंद राहिली की मांडीचे पुढचे स्नायू सैल पडतात, आणि वाटी खाचेत नीट सरकती ठेवण्याचे काम त्यांचेच असते. दम लवकर परत येतो. कंडरांना ताकद यायला मात्र कित्येक आठवडे लागतात, म्हणून नुसत्या दमाच्या भरवशावर जोर लावणे गुडघ्याला महागात पडते.

सीट खाली असेल तर वाटीवरचा ताण आणखी वाढतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल तळाशी न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना तळाशी गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट फार उंच झाली की कंबर डावी-उजवीकडे हलू लागते आणि दुखणे गुडघ्यामागे जाते.

जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पायडलचे मिनिटाला ८०-९० फेरे बरे. नवख्याला ७०सुद्धा चालतील. सुरुवातीला घाट टाळावा. सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा रात्री ठणकू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.